गाडीची चमक : पॅड तयार करण्याचे हुनर

शिकलगार हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. तलवारी, सुऱ्या, कात्र्या यांना धार लावणारी आणि काळवंडलेल्या लोखंडाला आरशासारखे चमकवणारी ही जुनी बिरादरी. उर्दूत ‘सैकल’ म्हणजे घासूनपुसून चमक आणणे. ते काम करणारा तो सैकलगर, आणि त्याच शब्दाचे आपल्या मुलखात शिकलगार झाले. तलवारींचा जमाना गेला, परंतु वस्तूला चमक आणण्याचे काम संपलेले नाही. आज ते मोटारगाडीच्या बॉनेटवर आले आहे आणि ते करणाऱ्यांत आपल्या समाजातील डेंटर-पेंटर कारागिरांची संख्या मोठी आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्यानंतर एमएच ३९ क्रमांकाच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि वाढतच गेल्या. शहादा-तळोद्याकडील केळी-पपईचे बागायतदार, नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी, नवापूरचे कारखानदार यांच्या दारात आता चांगल्या किमतीच्या गाड्या उभ्या असतात. अपघातानंतरचा पत्रा ठोकणे, पुट्टी भरणे, रंग मारणे यासाठी ही मंडळी गावातल्याच गॅरेजात येतात. मात्र तीच गाडी चमकवून घ्यायची झाली, की तिचे तोंड सुरतेकडे वळते. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर डिझेल जाळण्यास ग्राहक तयार आहे, पण घराजवळच्या कारागिराच्या हाती मशीन देण्यास तयार नाही. असे का, याचा विचार आपण केला पाहिजे.

आम्ही कापडाचे व्यापारी. गाडीच्या रंगाशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की गाडी चमकवणारा पॅड ही मुळात आमच्या धंद्यातली वस्तू आहे. लोकर, मायक्रोफायबर, फोम ही सारी धागा आणि गादी यांच्या बाजारातली नावे. गॅरेजवाले वर्षानुवर्षे आमच्याकडून बनियनचे कापड आणि चिंध्या नेतात. त्यांच्याशी बोलताना, त्यांचे काम पाहताना आमची एक गोष्ट पक्की झाली आहे. कारागीर पॉलिशच्या डब्यावर पैसे खर्च करतो, मशीनवर खर्च करतो, आणि पॅडकडे मात्र चिंधीसारखे पाहतो. काम बिघडते ते इथेच.

पॅड कशावर फिरतो?

पॅडची तयारी समजण्यापूर्वी त्याच्याखाली काय आहे ते समजले पाहिजे. जुन्या काळी गाड्यांना ‘ड्यूको’ रंग असे. हे अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने १९२०च्या दशकात बाजारात आणलेल्या रंगाचे नाव. आपल्याकडे ते इतके रुजले, की आजही जुने लोक कोणत्याही गाडीच्या रंगाला ड्यूकोच म्हणतात. तो रंग रबिंग कंपाऊंडने घासूनच चमकवावा लागे आणि घासणाऱ्याला बरीच मोकळीक होती. आताच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचा एक थर आणि त्यावर पारदर्शक थर असतो. गॅरेजात त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपण जी चमक पाहतो ती याच थराची.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. झेरॉक्सचा एक कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. त्यातला क्लिअर कोट अवघा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे निम्म्या कागदाइतकाही क्वचितच. पॉलिश करणे म्हणजे या थरातून अगदी थोडा भाग सारखा उतरवणे. सारखा उतरला तर ओरखडे जातात. कमीजास्त उतरला तर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, आणि एका जागी जास्त उतरला तर खालचा रंग उघडा पडतो. मग पूर्ण भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही आणि तो खर्च कारागिराच्या अंगावर येतो.

सर्व गाड्यांवर क्लिअर कोट असतोच असे नाही. जुन्या जीप, ट्रॅक्टर, काही मालवाहू गाड्या यांच्यावर एकेरी रंग असतो. परीक्षा सोपी आहे. आड जागी पांढऱ्या कपड्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. कपड्यावर गाडीचा रंग उतरला तर रंग एकेरी समजावा. अशा गाडीसाठी पॅड वेगळे ठेवावेत. लाल ट्रॅक्टरवर फिरलेला पॅड पांढऱ्या मोटारीवर कधीही नेऊ नये.

माल ओळखून घ्या

पॅड मुख्यतः तीन जातींचे. पहिला लोकरीचा. लोकरीचा तंतू स्वतःच घासण्याचे काम करतो, तंतूंमधून हवा खेळते, त्यामुळे तो खोल ओरखड्यांवर लवकर काम करतो आणि फोमच्या मानाने कमी तापतो. मात्र तो मागे बारीक रेषा ठेवतो. म्हणून लोकरीनंतर फोमचा हात फिरवावाच लागतो.

इथे एक व्यापारी सावधगिरी सांगतो. बाजारात लोकर म्हणून ॲक्रिलिकचा माल सर्रास मिळतो. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडते, त्याची टोके गोठून कडक होतात आणि रंगावर ओरखडे उमटवतात. ओळखण्याची आमच्या धंद्यातील जुनी रीत अशी : पॅडचे चार तंतू उपटून चिमट्यात धरावेत आणि काडी लावावी. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि चोळल्यास राखेचा भुगा होतो. ॲक्रिलिक वितळते आणि मागे कडक काळा मणी राहतो. ही परीक्षा दुकानाबाहेर करावी. थिनर आणि रंगाचे डबे असलेल्या गॅरेजात काडी ओढू नये.

दुसरा पॅड फोमचा. हा पॉलियुरेथेनचा, म्हणजे आपल्या गादीच्याच घराण्यातला, परंतु छिद्रांची रचना आणि कडकपणा ठरवून बनवलेला. कडक फोम कापण्यासाठी, मध्यम पॉलिशसाठी, मऊ शेवटच्या हातासाठी. पुष्कळ कारागीर रंगावरून पॅड ओळखतात आणि फसतात. एका कंपनीचा पिवळा पॅड कडक असतो, तर दुसऱ्या कंपनीचा पिवळा मऊ. फोमच्या रंगांना सर्व कंपन्यांचा एकच नियम नाही. बोटाने दाबून पाहावे आणि कंपनीची माहिती वाचावी.

तिसरा मायक्रोफायबरचा. कापडवाल्यांना डेनियर समजावण्याची गरज नाही : ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. रेशमाचा तंतू एक डेनियरच्या थोडा वर असतो, मायक्रोफायबरचा त्याहून खाली. जपानमधील तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली अशा अतिबारीक तंतूंपासून साबरासारखे कापड तयार केले आणि पुढे या धाग्याचा व्यापार जगभर पसरला. पुसण्याच्या कापडात बहुधा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड असते. तंतू चिरून त्याच्या फाकी केलेल्या असतात, त्या फाकींत धूळ आणि पॉलिश अडकते. हा पॅड डगमगत फिरणाऱ्या मशीनवर, ज्याला कारागीर डीए म्हणतात, चांगला चालतो. एकाच आसावर गरगर फिरणाऱ्या रोटरी मशीनला लोकर आणि फोम बरे.

नवा पॅड तयार करणे

नवा पॅड पिशवीतून काढला आणि गाडीवर लावला, हे बरोबर नाही. लोकरीच्या नव्या पॅडमध्ये सुटे तंतू पुष्कळ असतात. गाडीपासून लांब, मशीन कमी वेगावर चालवून त्यावर दातेरी चक्राचा स्पर हलक्या हाताने धरावा. घोडेस्वाराच्या टाचेला असतो तसा हा काटा. दोन-तीन वेळा केले की सुटे तंतू उडून जातात आणि बाकीचे मोकळे उभे राहतात. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा दाखवण्यापूर्वी मालक त्याला खरारा करतो, तशातलाच हा प्रकार. या वेळी तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा. स्पर फक्त लोकरीसाठी आहे. फोमवर तो चालवला तर फोम फाटतो.

त्यानंतर पॅड मशीनवर बसवणे. प्लेटचे आटे मशीनच्या आट्यांशी जुळतात का ते पाहावे. प्लेट पॅडपेक्षा लहान असावी, म्हणजे ६ इंचांच्या पॅडला ५ इंचांची, अन्यथा प्लेटची कडक कड रंगाला लागते. पॅड चिकटतो तो वेल्क्रोवर. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्ट्राल यांना रानात फिरताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली कुसळे पाहून ही युक्ती सुचली. ही विणलेली नायलॉनची वस्तू आहे, फार तापली तर तिचे आकडे वितळतात आणि पॅड चालत्या मशीनवरून सुटतो. पॅड प्लेटच्या बरोबर मध्यावर बसला पाहिजे. एक बोट जरी बाजूला सरकला तरी मशीन थरथरते, हात दमतो आणि रंगावर दाब कमीजास्त पडतो. मशीन हवेत हळू चालवून कड सारखी फिरते का ते पाहावे.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. कोरड्या पॅडला आधी पॉलिश पाजावे लागते. कोरड्या पॅडवर चार थेंब टाकून मशीन चालवले, तर जिथे थेंब आहेत तिथेच तो कापतो. बाकीचा भाग कोरडा घासतो, तापतो आणि रेषा सोडतो. म्हणून स्वच्छ बोटाने पॅडच्या पूर्ण तोंडावर पॉलिशचा पातळ हात द्यावा. फोमची छिद्रे वरच्या वर भरावीत, पॅड आतपर्यंत चिंब करू नये. लोकरीत पॉलिश तंतूंच्या वरच्या भागात बसले पाहिजे, मुळाशी नव्हे. मायक्रोफायबरला तर पहिला हात नीट चोळून द्यावा, थोडा वेळ कमी वेगाने चालवावा, मग हवेने फुंकून पुन्हा थोडे पॉलिश द्यावे. जास्तीचे काढून टाकावे. यानंतर प्रत्येक भागासाठी हरभऱ्याएवढे दोन-तीन थेंब पुरतात. पॉलिश जास्त म्हणजे चमक जास्त, हा गैरसमज आहे. जास्त पॉलिशने पॅड चिकट होतो आणि कापणेच थांबते.

रंगरेज कापड रंगात टाकण्यापूर्वी ते पाण्यात भिजवून सारखे ओले करून घेतो. कोरडे कापड टाकले तर रंग डागाडागांनी चढतो. पॅडला पॉलिश पाजण्यामागे हेच तत्त्व आहे. आपल्या कारागिरांना हे नवे शिकवण्याची गरज नाही, आठवण देण्याची आहे.

काम चालू असताना

एका वेळी दीड-दोन फूट चौरस एवढाच भाग घ्यावा. पॉलिश आधी कमी वेगाने पसरावे, मग रोटरी साधारण १००० ते १५०० फेऱ्यांवर न्यावी. मशीन सतत सरकते ठेवावे. कडांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावून घ्यावी. बंपर प्लास्टिकचा असतो, तो उष्णता पत्र्यासारखी पसरवत नाही, म्हणून तिथे वेग कमी. मधून मधून हाताची पाठ लावून पाहावी. हात ठेववत नसेल तर थांबावे.

आपल्या खानदेशातील उन्हाळा पारा ४० अंशांच्या वर नेतो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा पत्र्यावर पॉलिश पसरण्यापूर्वीच वाळते. म्हणून हे काम सकाळी लवकर, सावलीत, पत्रा थंड असताना करावे. दुसरा शत्रू धूळ. मिरचीच्या पथाऱ्या, जिनिंगचा कापूस, रस्त्यांची माती, आपल्या हवेत कणांची कमतरता नाही. गाडी आधी भरपूर पाण्याने धुतलीच पाहिजे. बोअरच्या जड पाण्याचे थेंब पत्र्यावर वाळू देऊ नयेत, त्यांचे पांढरे डाग पडतात.

दर एका भागानंतर पॅड साफ करणे हा नियम करावा. घासताना रंगाची उतरलेली भुकटी आणि वाळलेले पॉलिश पॅडमध्ये साचते. ते काढले नाही तर आपण रंगावर भुकटीच घासत असतो. फोमला नायलॉनचा मऊ ब्रश, लोकरीला स्पर, मायक्रोफायबरला कंप्रेसरची हवा. एका गाडीला एकच पॅड शेवटपर्यंत चालवू नये. कापण्याचे निदान दोन आणि शेवटच्या हाताचे दोन पॅड असावेत, एक तापला की दुसरा लावावा. ज्या पॅडला एक पॉलिश लागले त्याला दुसरे लावू नये. पॅडच्या पाठीवर पेनाने पॉलिशचे नाव लिहून ठेवावे.

आमच्या पाहण्यातील एका गॅरेजात काळ्या गाडीचे काम चालू होते. पॅड सुटून जमिनीवर पडला. पोराने तो मांडीवर झटकला आणि पुन्हा लावला. दोन मिनिटांत दारावर हातभर लांब कमानी उमटल्या. दोन दिवसांची मजुरी त्या ओरखड्यांत गेली आणि त्या ग्राहकाने पुढच्या वेळी सुरतेचा रस्ता धरला. वाळूचा एक कण एवढे करू शकतो. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही, हे उस्तादाने शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगावे, की मशीन चालवताना गळ्यात रुमाल नको, सैल बाही नको, आणि वायर खांद्यावरून मागे टाकावी. फिरता पॅड कापड ओढून घेतो.

पुसण्याच्या कपड्याबद्दल आम्हाला अधिकाराने बोलता येईल. आमच्याकडून नेलेल्या चिंध्या ग्रीस पुसण्यासाठी आहेत, पॉलिश पुसण्यासाठी नाहीत. त्यात शिवण असते, कधी बटणाचा तुकडा असतो, आणि शिवणीचा कडक धागा ताज्या पॉलिशवर रेषा ओढतो. सोलापूरचा टेरी टॉवेल अंग आणि हात पुसण्यास उत्तम, पण शेवटच्या हाताला मायक्रोफायबरच घ्यावे. त्याचे लेबल आणि कडक गोट आधी कापून टाकावा.

धुणे, वाळवणे, ठेवणे

दिवसाचे काम संपले की पॅड त्याच संध्याकाळी धुवावेत. पॉलिश वाळून दगड झाले की पॅड गेलाच. कोमट पाणी, सौम्य साबण, बोटांनी दाबून दाबून मळ काढणे. फोम पिळू नये, तो चिकटवलेल्या जागी सुटतो. लोकरीला गरम पाणी लावू नये. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि रगडणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. नमदा गालिच्याला शोभतो, पॅडला नाही. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, त्याला सुताची लव चिकटते. कपडे मऊ करणारे द्रव्य त्यात घालू नये, ते तंतूंवर बसते आणि फाकी भरून टाकते. त्यावर इस्त्री तर मुळीच नको.

पॅड सावलीत, फोमची बाजू खाली करून जाळीवर वाळवावा, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या डिंकाकडे न जाता खाली निथळते. पूर्ण वाळल्यावर बंद पिशवीत ठेवावा. खिळ्याला टांगलेल्या पॅडवर रात्रभर गॅरेजची धूळ बसते. फोम चिरला, कड उखडली, वेल्क्रो सैल झाला, तर त्या पॅडला गाडीवरून रजा द्यावी. अलॉय व्हील किंवा पत्र्याच्या आतल्या भागासाठी तो हाताने वापरता येईल.

हिशेब

व्यापारी माणूस शेवटी हिशेब विचारतो. एक पॅड नीट पाजला, साफ केला, धुतला, तर तो पुष्कळ गाड्या करतो. आणि पॉलिशही कमी लागते, कारण ते वाळून वाया जात नाही. मळक्या पॅडचा खर्च वेगळ्या खात्यात पडतो : पुन्हा मारावा लागलेला रंग, फुकट गेलेला दिवस आणि परत न आलेला ग्राहक. म्हणून ज्या कारागिराजवळ थोडी रक्कम जमली आहे, त्याने दुसरे मशीन घेण्यापूर्वी चांगल्या पॅडचा पूर्ण जोड, एक स्पर, एक ब्रश आणि डझनभर मायक्रोफायबर कपडे घ्यावेत.

प्रामाणिकपणाचाही इथे प्रश्न आहे. काही पॉलिशमध्ये तेलकट भर असते. ती ओरखडे झाकते, गाडी देताना चमकते, आणि चार वेळा धुतल्यावर ओरखडे परत दिसतात. ग्राहक मूर्ख नसतो. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने एक जागा पुसून, उजेडात ग्राहकाला दाखवावी. जे दिसेल ते खरे काम. ओरखडा फार खोल असेल, क्लिअर कोट पातळ असेल, तर ‘एवढेच जाईल, पुढे घासले तर रंग जाईल’ असे आधीच सांगावे. असे सांगणाऱ्याचे काम सुटत नाही, त्याच्याकडे लोक गाडी निर्धास्त ठेवून जातात.

सुरतेच्या दुकानांत दिवे मोठे आहेत, काच आहे, गार हवा आहे. ते सर्व नंदुरबार-शहाद्याच्या छोट्या गॅरेजात उद्या येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु स्वच्छ पॅडला भांडवल फार लागत नाही, सवय लागते. ज्या गॅरेजमालकांकडे पोरे काम शिकत आहेत, त्यांनी येत्या आठवड्यात एवढेच करावे : त्यांच्या हाती मशीन देण्यापूर्वी आठ दिवस फक्त पॅड पाजायला, साफ करायला आणि धुवायला द्यावेत. ज्याला पॅड सांभाळता आला, त्याच्या हाती दुसऱ्याची लाखांची गाडी द्यायला हरकत नाही.